घरचा फोन इंटरनेटवर नेताय? आधी विचारा, वीज गेली तर घंटी वाजेल का?



गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांनी जेटीवर एकच गोष्ट विचारली. "घरच्या फोनची तांब्याची तार बंद करतात म्हणे, फायबर घ्या म्हणतात. घ्यायचं काय?" माझं उत्तर, घ्या. पण घेताना दोन-चार गोष्टी बघून घ्या. त्या मी बघितल्या नव्हत्या, म्हणून आधी आमच्या घरचंच सांगतो.

आमच्या घरी आईच्या खोलीत जुना फोन होता. डोंगराच्या कुशीत घर, मोबाईलला रेंज धड नाही, म्हणून ट्रॉलरच्या केबिनमध्ये घरचा नंबर रंगाने लिहिलेला. मे महिन्यात आम्ही फायबर घेतलं. आवाज एकदम साफ, वर पोरांना इंटरनेट. सगळे खूश. ऑक्टोबरात एका रात्री वारा सुटला आणि वीज गेली. त्याच रात्री धाकट्या भावाच्या ट्रॉलरचं इंजिन बंद पडलं. मोबाईलला एक काडी रेंज मिळाली तेव्हा त्याने घरी चार वेळा फोन लावला. घरी घंटी वाजलीच नाही. शेवटी व्हीएचएफवर दुसऱ्या ट्रॉलरने ऐकलं आणि दोर टाकून ओढून आणलं. सकाळी दारात उभा राहून पहिला प्रश्न, "फोन कोणी उचलला नाही तो?" आई म्हणाली, "वाजला असता तर उचलला असता रे." खरंच होतं. भिंतीवरच्या डब्याचे दिवे रात्रभर बंद होते.

यात बिघाड कसलाच नव्हता. नवा फोन असाच चालतो, आणि ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

जुन्या फोनला वीज कुठून मिळायची हा विचार आपण कधी केला नाही. ती तारेतूनच यायची. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग असते, तिथून 48 व्होल्टचा डीसी करंट तांब्याच्या जोडतारेतून आपल्या घरापर्यंत येतो. घंटी वाजवायला लागणारा जास्त व्होल्टेजही तिथूनच येतो. म्हणून गावात काळोख झाला तरी साधा फोन चालायचा. फायबर म्हणजे काच. काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. त्यामुळे तो उजेड परत आवाजात बदलायला घरात जो डबा लावतात, ज्याला ओएनटी किंवा लोक नुसतं मोडेम म्हणतात, त्याला आपल्या घरची वीज लागते. डबा बंद तर फोन बंद.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण तांब्याची तार काही सोन्याची नव्हती. खाऱ्या हवेत तिचे जोड हिरवे पडतात, पावसात खरखर सुरू होते, वीज पडली की कधी कधी फोनच जळतो. काचेला गंज नाही आणि आकाशातली वीज तिच्यातून घरात येत नाही. (डब्याच्या अडॅप्टरमधून येऊ शकते, म्हणून गडगडाट जवळ आला की काळजी घ्या.) किनाऱ्यावर राहणाऱ्यांना फायबर चांगलंच. शिवाय हा बदल आपल्याकडेच होतोय असंही नाही. इंग्लंडात गेलेल्या आपल्या गोंयच्या पोरांना विचारा. तिथे जानेवारी 2027 पर्यंत तांब्यावरचे जुने फोन पूर्ण बंद व्हायचे आहेत. ज्यांचा आधार फक्त घरचा फोन, त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास तरी आपत्कालीन फोन करता यावा अशी सोय कंपनीने द्यावी, असा तिथे नियम आहे. आपण आपली सोय आपणच केलेली बरी.

आता आवाज कसा जातो ते थोडक्यात. डबा तुमच्या बोलण्याचे सेकंदाला 8000 नमुने घेतो, त्यांची छोटी छोटी पाकिटं करतो, साधारण 50 पाकिटं सेकंदाला, आणि एकामागून एक पाठवतो. मासळीच्या क्रेट टेम्पोत भरून पाठवल्यासारखंच समजा. फरक एवढा की इथे उशिरा आलेली क्रेट कोणी घेत नाही, फेकून देतात. म्हणून मधेच शब्द तुटतात. या सगळ्याला एका बाजूला जेमतेम 100 केबीपीएस लागतात. "फोन साफ हवा तर मोठा प्लॅन घ्या" असं कोणी सांगितलं तर मानू नका. फोनला वेग लागत नाही, लाईन न तुटणारी लागते. मोठा प्लॅन पोरांच्या व्हिडिओसाठी घ्यायचा तर खुशाल घ्या.

मुख्य मुद्दा विजेचा. डब्याच्या अडॅप्टरवरचं लेबल वाचा. बहुतेकांवर 12 व्होल्ट आणि 1 ते 2 अँपिअर लिहिलेलं असतं. तो वरचा आकडा. प्रत्यक्षात डबा बहुधा त्याहून कमी खातो, 8 ते 10 वॅट धरून चला. बाजारात राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, डीसी वायर सरळ डब्यात जाते. पण त्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. 10,400 एमएएच लिहिलेलं असतं, ते आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचं. गुणाकार केला तर साधारण 38 वॅट-तास होतात. डबा 8 वॅट खात असेल आणि मधली थोडी वीज वाया जाणार हे धरलं, तर चार तास मिळाले तर नशीब. संध्याकाळी गेलेली वीज पहाटे येते तेव्हा हे पुरत नाही. 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे 84 वॅट-तास, जवळपास दुप्पट.

आणि आपल्याकडे तर होडीच्या बॅटऱ्या असतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदीत त्या घरात किंवा शेडमध्ये पडून असतात. 12 व्होल्ट 100 अँपिअर-तासाची चांगली बॅटरी म्हणजे 1200 वॅट-तास. निम्मीच वापरली तरी डबा दोन दिवस चालेल. पण दोन चुका करू नका. पहिली, ट्रॉलरवर दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावून 24 व्होल्ट केलेले असतात. ती जोडी तशीच डब्याला लावलीत तर डबा जळणार. दुसरी, 12 व्होल्टची बॅटरीसुद्धा चार्ज होताना 14 व्होल्टच्या वर जाते, म्हणून मधे 12 व्होल्टचा रेग्युलेटर लावा, किंवा छोटा इन्व्हर्टर लावून त्यावर डब्याचाच अडॅप्टर चालवा. फ्यूज विसरू नका. बॅटरी हवेशीर जागी, देवघराच्या दिव्यापासून लांब. तिच्यातून गॅस निघतो. जोडणी स्वतः करू नका, होडीचं वायरिंग बघतो त्या इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्याला अर्ध्या तासाचं काम.

मोसम सुरू झाला की ती बॅटरी होडीवर परत जाणार, हे मात्र ध्यानात असू दे. फोनची खरी गरज ऑगस्टपासून आहे. म्हणजे घरासाठी वेगळी छोटी बॅटरी लागेलच.

घरात बॅकअप केला म्हणजे झालं असंही नाही. फायबर तुमच्या घरातून निघून कुठे तरी जाऊन पोचतं. मोठ्या कंपनीच्या रचनेत मधे नुसता काचेचा विभाजक असतो, त्याला वीज लागत नाही, आणि पलीकडे एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्या असतात. पण गावातल्या केबलवाल्यामार्फत कनेक्शन घेतलं, तर मधला डबा कधी त्याच्या दुकानात असतो, कधी कोणाच्या गॅलरीत. गावची वीज गेली की तोही बंद. म्हणून सही करण्याआधी लाईन लावणाऱ्याला सरळ विचारा, "माझ्या घरापासून पुढे वीज लागणारा डबा कुठे आहे, आणि तिथे किती तास बॅटरी चालते?" उत्तर द्यायला तो घुटमळला तर समजून घ्या.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा झाडं वायरींवर पडली आणि काही भागांत वीज कित्येक दिवस नव्हती. इतके दिवस छोटा यूपीएस पुरत नाही, आणि मोबाईलच्या टॉवरची बॅटरीही नाही. तेव्हा घरच्या फोनवर एकट्यावर भिस्त नको. मोबाईलमध्ये वायफाय कॉलिंगची सेटिंग असेल तर ती सुरू करून ठेवा. घरात रेंज नसली तरी घरच्या वायफायवरून मोबाईलचाच नंबर लागतो. आमच्यासारख्या डोंगराआडच्या घरांना याचा मोठा उपयोग. अट तीच, डब्याला वीज हवी.

नंबरचं काय? त्याच कंपनीत तांब्यावरून फायबरवर गेलात तर जुना नंबर बहुधा तसाच ठेवता येतो, पण अर्जावर तसं लिहून घ्या, तोंडी नको. कंपनी बदललीत तर नंबर बदलणार. मोबाईलसारखी नंबर सोबत नेण्याची सोय आपल्या देशात घरच्या फोनला नाही. 0832 तेवढा राहील, पुढचे आकडे नवे. मग केबिनमध्ये रंगवलेला नंबर, सोसायटीच्या यादीतला, बर्फाच्या फॅक्टरीकडचा, एजंटाकडचा, आणि परराज्यातून आलेल्या खलाशांच्या गावी घरच्यांकडे दिलेला, सगळे बदलावे लागतील. हा शेवटचा सगळे विसरतात. तिकडच्या आईबापांकडे मुलाची खबर घ्यायला बऱ्याचदा तोच एक नंबर असतो.

जुना फोन फेकू नका. डब्यामागे फोनचं चित्र असलेलं भोक असतं, त्यात त्याची वायर बसते. बटणांचा साधा, वायरचा फोन सगळ्यात उत्तम. कॉर्डलेसच्या बैठकीला वेगळी वीज लागते, म्हणजे बॅकअपवर आणखी एक तोंड. गोल चकतीचा फोन बहुतेक डब्यांवर वाजेल, पण त्यावरून नंबर फिरवता येणार नाही. घरात दोन-तीन खोल्यांत जुनी वायरिंग असेल तर बाहेरून येणारी तांब्याची तार आधी सोडवून घ्या, नाहीतर तिचा करंट डब्यात शिरून तो बिघडेल. मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावायचा नियम 15 जानेवारी 2021 पासून आहे, तो इथेही तसाच.

शेवटी आपत्कालीन नंबर. समुद्रातल्या शोध आणि बचावासाठी तटरक्षक दलाचा 1554, बाकी सगळ्याला 112. हे दोन्ही नव्या लाईनवरून लागतात का, ते कंपनीकडून लेखी घ्या. उगाच लावून बघू नका, तिथे माणूस बसलेला असतो. घरचा नंबर मोबाईलच्या ॲपवर घेण्याची सोय काही कंपन्या देतात. त्यावरून फोन केलात तर समोरच्याला तुम्ही घरी आहात असं वाटेल, म्हणून कुठून बोलताय ते आधी सांगा. फोनशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवा. होडीचं नाव, नोंदणी क्रमांक, रंग, वर किती माणसं, लाईफ जॅकेट किती, कुठल्या जेटीवरून कधी निघाली, आणि शेवटचं बोलणं झालं तेव्हा जीपीएसवरचा आकडा. हा शेवटचा रकाना पेन्सिलने भरायचा, रोज पुसून.

आमच्या घरी तो कागद आता आई भरते. डब्याखाली बॅटरी आहे, आणि महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून भाऊ जेटीवरून फोन लावतो. गेल्या खेपेला पाच तास चालला.