वायुजोडकामातील सिलिंडर किती तास पुरेल?

आंबेगाव तालुक्यातील निरगुडसरसारख्या बागायती गावी शेतीची लोखंडी अवजारे पुष्कळ वापरात आहेत. ऐन पेरणीत पेरणीयंत्राची पेटी फाटली तर वाफसा थांबून राहत नाही. जोडकाम अर्ध्यावर असता वायू संपला, तर भरलेला सिलिंडर येईपर्यंत दिवस वाया जातो. यासाठी शिल्लक वायूचा हिशेब आधीच करावा.

प्राणवायू (काळा सिलिंडर) : हा वायू केवळ दाबाखाली भरलेला असतो, म्हणून दाबमापकावरून त्याची शिल्लक कळते. सिलिंडरची पाण्याची धारणक्षमता लिटरमध्ये घेऊन तिला दाबाच्या आकड्याने गुणावे. नेहमीच्या मोठ्या सिलिंडरची क्षमता सुमारे ४७ लिटर असते. दाब दर चौरस सेंटीमीटरला ६० किलो असेल, तर ५ किलो शिल्लक ठेवून उरलेल्या ५५ किलोस सुमारे २,५८० लिटर वायू मिळेल.

ॲसिटिलीन (मरून सिलिंडर) : हा वायू ॲसिटोन या द्रवात विरघळवून ठेवलेला असतो. उन्हाने त्याचा दाब वाढतो व थंडीने उतरतो. म्हणून येथे दाबमापकावर विसंबू नये. सिलिंडर उभा ठेवून तोलावा. कांद्याच्या गोण्या तोलण्याचा काटा यास चालतो. आलेल्या वजनातून सिलिंडरवर कोरलेले रिकामे वजन वजा करावे. प्रत्येक किलोस सुमारे ९०० लिटर वायू धरावा. ३ किलो उरला असेल, तर २,७०० लिटर होतो.

खर्च : पोलादी पत्र्याच्या दर मिलिमीटर जाडीस तासाला सुमारे १०० लिटर ॲसिटिलीन लागते, असा ठोकताळा आहे. ३ मिलिमीटर पत्र्यास ३०० लिटर ॲसिटिलीन व किंचित अधिक, म्हणजे ३३० लिटर, प्राणवायू लागेल. वरील शिल्लक पाहता ॲसिटिलीन ९ तास, तर प्राणवायू पावणेआठ तास पुरेल. जो वायू आधी संपेल, तोच कामाची मर्यादा ठरवितो. हे तास ज्योत पेटती असण्याचे होत; पत्रा बसविण्याचा वेळ त्यात धरू नये. लोखंड कापावयाचे असल्यास प्राणवायूचा खर्च कित्येक पटींनी वाढतो. तेव्हा हा हिशेब लागू पडत नाही.

दक्षता : भरलेल्या ॲसिटिलीन सिलिंडरमध्ये जितका वायू मावतो, त्याच्या एक दशांशाहून अधिक वायू तासाला ओढू नये, अन्यथा त्याबरोबर ॲसिटोनही बाहेर येते. सिलिंडर नेहमी उभा व साखळीने बांधलेला असावा. प्राणवायूच्या झडपेस तेल अथवा ग्रीस कदापि लागू देऊ नये. त्याने भडका उडतो. ट्रॅक्टरचे काम करून आलेल्या इसमाने हात स्वच्छ धुऊनच झडप उघडावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील कारागिरांस हा हिशेब समजावून द्यावा व प्रत्येक सिलिंडरचा दाब, वजन व दिनांक यांची नोंद ठेवण्यास सांगावे.