आकाशाला भिडलेला तलाव

सिंगापूरच्या मरीना बे सँड्स हॉटेलच्या माथ्यावर, 57व्या मजल्यावर पोहणाऱ्यास क्षणभर वाटते, की आणखी दोन हात मारले तर आपण थेट शहरावर कोसळू. सुमारे 150 मीटर लांबीच्या या तलावाला समोर काठच दिसत नाही. पाणी संपते तेथेच आकाश सुरू होते. 2010 साली खुल्या झालेल्या या वास्तूचे वास्तुशिल्पी मोशे साफदी.

काठ अर्थातच असतो. कडेची भिंत पाण्याच्या पातळीहून किंचित खाली ठेवलेली असते. तिच्यावरून ओसंडलेले पाणी खालच्या पन्हळीत जमते आणि गाळून पंपाने पुन्हा वर चढवले जाते. कारागिरांचा खरा कस लागला तो तळाशी. तलाव वेगवेगळ्या मनोऱ्यांवर पसरलेला, आणि उंच मनोरे वाऱ्याने थोडे डोलतात, तेही प्रत्येक आपापल्या चालीने. एकसंध टाकी बांधली असती तर तिला तडे गेले असते. म्हणून तळाशी सरकते सांधे ठेवले आहेत. शिवाय, समुद्रात भर घालून मिळवलेली ही जमीन पुढेमागे खचलीच, तर पातळी सावरण्यासाठी जॅकही बसवले आहेत. पातळी जराशी कलली तरी पाणी एकाच बाजूने सांडेल आणि सारा भास मोडेल.

सहकुटुंब जाणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र ध्यानी घ्यावी: हा तलाव केवळ हॉटेलात मुक्कामी असलेल्यांसाठी आहे. तिकीट काढून जवळच्या सज्जावरून शहर पाहता येते, पाण्यात उतरता येत नाही. हिशेबी प्रवाशाने येथे एकच रात्र काढावी. उरलेल्या दिवसांसाठी सिंगापुरात स्वस्त हॉटेले पुष्कळ आहेत.