राजीनामा दिला, मग कमिशन कुणाचं?

कसबा बावड्यातून बोलतोय. मागं ट्रॅक्टरचा आवाज येतोय तो राजाराम कारखान्याकडं चाललेल्या उसाचा. तो काही एडिट केला नाही, कारण विषय तिथूनच सुरू करायचाय.

उसाचं वजन झालं, काटापावती हातात आली. पुढच्या वर्षी ऊस दुसऱ्या कारखान्याला घातला म्हणून यंदाचं बिल बुडतं का? नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांत पैसे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज असं लिहिलंय. कमिशनचंही तत्त्व तेच. फक्त कमिशनची काटापावती कुठली, इथं घोळ होतो.

माझंच सांगतो. मी कोड लिहिणारा माणूस, पण कंपनीनं डेमोला पाठवायला सुरुवात केली आणि विक्रीवर ५ टक्के ठरलं. हुपरीच्या चांदीवाल्यांना बिलिंग सॉफ्टवेअर विकलं. राजीनामा दिला तेव्हा ४१ हजार येणं होतं. एचआर मॅडम म्हणाल्या, "पेआउटच्या तारखेला तुम्ही रोलवर नसणार, सर." तेव्हा कुठं मी ऑफर लेटर नीट वाचलं. त्यात एवढंच होतं: ग्राहकाचे पैसे जमा झाले की कमिशन देय. रोलचा शब्दही नव्हता.

म्हणजे पहिलं काम हे. कमिशन कधी 'लागतं'? ऑर्डर आली की, बिल फाटलं की, की पैसे जमा झाले की? आणि 'त्या तारखेला नोकरीत असणं आवश्यक' अशी अट आहे का? असेल तर राजीनाम्याची तारीख पेआउटनंतरची धरा. हे आधी बघायचं असतं, माझ्यासारखं नंतर नाही.

आता कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता २०१९ लागू झालीय. राजीनामा दिला तरी वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं, असं तिचं कलम १७ सांगतं. रील्सवाले इथंच थांबतात. पण त्याच संहितेत 'वेतन' या शब्दाच्या व्याख्येतून कमिशन बाहेर ठेवलंय! एक खाच आहे: कमिशन, भत्ते वगैरे वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग वेतनात धरतात. पगार १४ हजार, कमिशन २६ हजार, एकूण ४० हजार. निम्मे २० हजार, म्हणून ६ हजार वेतनात. उरलेलं कमिशन बुडत नाही, पण ते कराराच्या जोरावर मागायचं. त्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. दिवाणी कोर्टात जायची वेळ आलीच तर आपलं न्यायसंकुल बावड्याच्याच रस्त्यावर आहे, पण बहुतेकांचं काम वकिलाच्या नोटिशीवर किंवा त्याच्याही आधी भागतं.

माझं मेलवर भागलं. ग्राहक, बिल नंबर, पैसे जमा झाल्याची तारीख, टक्का आणि रक्कम, असा एक तक्ता केला आणि ऑफर लेटरमधलं ते वाक्य वर टाकलं. हा तक्ता लॉगिन चालू असताना करा, माझं शेवटच्या दिवशी दुपारीच बंद झालं. आणि भावांनो, ग्राहकांची अख्खी यादी स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. उलट तुमच्यावरच डेटा चोरल्याचा आळ येईल. आपल्या डीलपुरतं टिपून घ्या.

फुल अँड फायनलच्या कागदावर 'काही येणं बाकी नाही' असं छापलेलं होतं. मी सहीशेजारी लिहिलं, 'कमिशन ४१ हजार बाकी, हक्क राखून.' मॅडमना आवडलं नाही, पण कागद घेतला.

सात आठवड्यांनी २९ हजार आले. उरलेल्या १२ हजारांचा ग्राहक तेव्हा हप्ता भरायचा होता. त्यानं गेल्या महिन्यात भरला. काल परत मेल टाकलाय.