वर्षावासातले ताट आणि आपल्या स्वयंपाकाचे पुस्तक



आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि अश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या वस्त्यांमधली कितीतरी घरे मटण-मासळी बंद ठेवतात. विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते, काही जण उपोसथ पाळतात. चांगलेच आहे. पण आरोग्याच्या नजरेने पाहिले, तर मांसाच्या जागी ताटात येतो आलू, पांढरा भात आणि पातळ वरण. पोट भरते, पण अंगी लागत नाही. त्यात घरची बाई सर्वांच्या शेवटी जेवते. तिच्या वाट्याला वरणाचे नुसते पाणी उरते.

शहरात सध्या ‘व्हीगन’ हा शब्द फार चालतो. मांस, अंडी, दूध, तूप, मध यांपैकी काहीच न खाणारे ते व्हीगन. 1944 साली इंग्लंडमध्ये हा शब्द निघाला. त्यांची पुस्तके उघडली की बदामाचे दूध, टोफू अशी नावे दिसतात. आपल्या वस्तीतल्या किराणा दुकानात ती मिळत नाहीत आणि मिळाली तरी परवडत नाहीत. आपली नेहमीची पाककृतींची पुस्तके तरी कुठे वेगळी? त्यातही साजूक तूप, मावा आणि काजू.

म्हणूनच शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ हाती आले तेव्हा आम्हा बायांना फार आपले वाटले. 2015 साली निघालेल्या या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचे खाणे नोंदवले आहे. 2024 मध्ये ते इंग्रजीतही गेले. हे पुस्तक व्हीगन नाही, मांसाचे पदार्थ त्यात भरपूर आहेत. पण ज्या स्वयंपाकाला दूध-तुपाची चैन परवडतच नव्हती, त्या स्वयंपाकाची ही नोंद आहे. त्यातली भाकरी, डाळी, पालेभाज्या बाजूला काढल्या की यवतमाळच्या चुलीवरचेच पदार्थ समोर येतात. आपल्या आया-आज्यांनी जे पोटासाठी रांधले, ते पुस्तकात छापण्याच्या लायकीचे होते, हे आम्हाला तिथे कळले.

वावरातले अन्न

पहिल्या पावसात कोवळा तरोटा निघतो. कपाशीच्या वावरात अंबाडी असते. बरबटी, तूर, जवस, तीळ आपल्याच भागातले. या अन्नाला लागणारे नियम साधे आहेत. ज्वारीत जे कमी ते डाळीत असते, म्हणून भाकरीसोबत घट्ट वरण किंवा उसळ हवीच. पालेभाजी-डाळीतले लोह अंगाला लागावे म्हणून वर लिंबू पिळावे. जेवणाला लागून चहा घेऊ नये, तासभर थांबावे. चहा लोह अडवतो.

अंबाडीची भाजी: एक जुडी अंबाडी निवडून, धुऊन उकळा आणि पाणी निथळा. हे आंबट पाणी सगळे फेकू नका, थोडे वरणात घाला. अर्धी वाटी तूरडाळ आणि पाव वाटी ज्वारीच्या कण्या मऊ शिजवा. त्यात अंबाडी घोटा. लसूण, हिरवी मिरची, हळद यांची फोडणी द्या, मीठ घाला.

बरबटीचे आळण: रात्री भिजवलेली बरबटी शिजवा. त्यात चिरलेली चवळई किंवा पालक घाला. दोन चमचे बेसन पाण्यात कालवून सोडा आणि घट्ट होईपर्यंत उकळा. वरून लसणाची फोडणी.

जवसाची चटणी: जवस कोरडे भाजा. भाजलेली लाल मिरची, लसूण, मीठ घालून कुटा. दूध-मासळी नसलेल्या ताटात रोज एक-दोन चमचे हवेच.

सोयाबीन: आपल्या जिल्ह्यात पोत्यांनी पिकते आणि सगळे बाजारात जाते. थोडे घरी ठेवा. कच्चे दळू नका, ते पचत नाही. वीस-पंचवीस मिनिटे उकळून, कडक वाळवून, नऊ किलो ज्वारीला एक किलो या मापाने दळणात टाका.

हे मात्र विसरू नका

झाडापाल्यातून एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे बी-12 जीवनसत्त्व. ते अंडी, दूध, मासळी, मांस यांतूनच येते. हातापायाला मुंग्या, जीभ लाल होणे, सतत थकवा, विसराळूपणा जाणवला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. जे कायमचे व्हीगन खातात त्यांना बी-12 ची गोळी लागतेच. गरोदर बाई, अंगावर पाजणारी माता आणि लहान मुले यांचे अंडे-दूध वर्षावासातही बंद करू नका.

आपल्या समाजात सिकलसेलही आहे. सिकलसेल असलेल्या व्यक्तीने लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. आधी रक्त तपासा, मग डॉक्टर सांगतील तसे.

आणखी एक. खाण्याची निवड आपली असावी, लादलेली नसावी. 2015 च्या कायद्याने राज्यात बैलाचे मांस बंद झाले आणि गरिबाचे स्वस्त प्रथिन गेले. शाळेच्या आहारात 2023 मध्ये आलेल्या अंड्याचा निधी 2025 च्या जानेवारीत सरकारने थांबवला. बाबासाहेबांनी बुद्धांची अहिंसा समजावताना गरजेपोटी मारणे आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. मांसाहार करणारा उपासक कमी प्रतीचा ठरत नाही. वर्षावासात जो स्वतःहून सोडतो त्याने सोडावे, पण ताटातली ताकद सोडू नये.

या आठवड्यात एवढे करा. वस्तीतल्या वयस्क आजीला विहारात बसवा आणि तिच्याकडून पाच रानभाज्यांची नावे, ओळख आणि कृती वहीत लिहून घ्या. तिने ओळखलेलीच भाजी खा, अनोळखी पाला तोडू नका. आणि उद्यापासून घरातल्या बाईचे ताट सर्वांच्या सोबत वाढा, वरण घट्ट असतानाच.