ब्रेकचा लिव्हर आणि तरफेचा नियम

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर ही सरकारी नोकरांची वसाहत पूर्वी विनय नगर या नावाने ओळखली जात असे. वसाहतीतील गल्ल्या सोडून रिंग रोडवर येताच सायकलस्वाराची गाठ बसगाड्यांशी व मोटारींशी पडते. अशा ठिकाणी थोरल्या भावाची जुनी माउंटन बाइक घेऊन निघालेल्या विद्यार्थ्याचा सारा भरवसा ब्रेकवर असतो. तिचा मोडका लिव्हर काढून नवा बसविला, म्हणजे ती निर्धोक झाली, असे मात्र समजू नये.

ब्रेकचा लिव्हर ही एक तरफच होय. त्याची खीळ हा टेकू. बोटे एकीकडे बल लावतात आणि खिळीजवळ अडकविलेली तार ओढली जाते. समजा, बोटे खिळीपासून ८० मिलिमीटरवर व तार २० मिलिमीटरवर आहे. मग तारेवरील ओढ बोटांच्या बलाच्या चौपट होईल. पण बोटे ८ मिलिमीटर सरकली, तर तार अवघी २ मिलिमीटर सरकेल. तेच तार ४० मिलिमीटरवर अडकविली, तर ओढ दुपटीवर येईल आणि तार ४ मिलिमीटर सरकेल. बलात जे मिळते ते अंतरात द्यावे लागते, हा तरफेचा नियम येथेही चुकत नाही.

१९८० नंतरच्या दशकातील अनेक माउंटन बाइकींना कँटिलिव्हर ब्रेक असत. त्यांच्या दोन आखूड भुजा चाकाच्या वर एका आडव्या तारेने जोडलेल्या असून तीच तार मधोमध वर ओढली जाते. त्यांना तारेची थोडी हालचाल, पण जोराची ओढ लागते. १९९६ च्या सुमारास जपानच्या शिमानो कंपनीने व्ही-ब्रेक प्रचारात आणला. त्याच्या भुजा लांब व उभ्या असतात आणि तार एका भुजेकडून दुसरीकडे आडवी जाते. लांब भुजा बल स्वतःच वाढवितात. म्हणून त्यांना ओढ कमी, परंतु तारेची हालचाल सुमारे दुप्पट लागते.

आता अदलाबदल झाली तर काय होते, ते पाहू. व्ही-ब्रेकला कँटिलिव्हरचा लिव्हर जोडल्यास तार पुरेशी सरकत नाही आणि रबर रिमवर नीट दाबले जाण्यापूर्वीच लिव्हर हँडलला टेकतो. रबर रिमच्या अगदी जवळ आणून ठेवले, तर थोड्या दाबानेही चाक एकाएकी अडकण्याचा संभव असतो. याउलट कँटिलिव्हर ब्रेकला व्ही-ब्रेकचा लिव्हर लावल्यास तो हाताला घट्ट व भक्कम भासतो, पण कितीही आवळला तरी सायकल लवकर थांबत नाही. ही दुसरी चूक अधिक फसवी होय.

यास्तव लिव्हर घेण्यापूर्वी चाकाजवळील ब्रेक कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. सायकलीचा मूळचा लिव्हर हाती असेल, तर खिळीच्या मध्यापासून तारेच्या गोळीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून नव्याशी ताडून पाहावे. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचा लिव्हर तारेच्या ब्रेकला मुळीच चालत नाही. जोडणी झाल्यावर मोकळ्या मैदानात सावकाश चालवून दोन्ही ब्रेक तपासावेत. पूर्ण आवळल्यावरही लिव्हर व हँडल यांत अंतर राहिले आणि सायकल निश्चित थांबली, तरच रिंग रोडची वाट धरावी.