जुना ब्लॉक, नवा चॅम्पियन

रेसिंगचं इंजिन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कोरे करकरीत पार्ट्स? मग हे वाचाच.

१९८३मध्ये नेल्सन पिकेने फॉर्म्युला वन जिंकली ती बीएमडब्ल्यूच्या चार सिलिंडरच्या, जेमतेम दीड लिटरच्या टर्बो इंजिनावर. टर्बोवर जिंकलेला हा पहिलाच वर्ल्ड चॅम्पियन! आणि इंजिनाचा बिडाचा ब्लॉक? मूळचा १९६०च्या दशकातल्या फॅमिली कारचा.

त्यातही इंजिनिअर पॉल रोश यांच्या टीमने पसंती दिली ती रस्त्यावर भरपूर धावलेल्या जुन्या ब्लॉकना. का? ओतकामानंतर बिडात ताण अडकून राहतात. पुन्हा पुन्हा तापून-निवून ते सैल होतात. मग टर्बोचा दाब आला तरी ब्लॉक वाकण्याची भीती कमी.

तरी सुरुवात खडतरच होती. जून १९८२मध्ये डेट्रॉइटला पिके क्वालिफायच झाला नाही. पुढच्याच रविवारी मॉन्ट्रियलला मात्र तो चक्क जिंकला! १९८६च्या क्वालिफाइंगमध्ये तर या इंजिनाने हजार हॉर्सपॉवर ओलांडली.

तेव्हा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी जुना ब्लॉक मिळाला, तर नाक मुरडू नका. फक्त तडा नाही ना, ते आधी तपासा!