दिवेलागणीनंतरचा फोटो

"सगळं छान आहे गं, पण यात दिवा कुठाय?"

उत्तनला आमच्या बचत गटाची मीटिंग नुकतीच संपली होती. चहा यायला वेळ होता, म्हणून मी पिशवीतून अल्बम काढून हौसेनं फिरवला. चार वर्षांत कोकण किनाऱ्यावर हिंडून काढलेले दीपगृहांचे फोटो. खांदेरी, कोर्लई, जयगड, रत्नागिरी, गोव्याचं आग्वाद. बाकीच्या जणी "अय्या, किती उंच!" वगैरे म्हणत होत्या. मावशींनी मात्र सगळी पानं शांतपणे उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली आणि हा प्रश्न विचारला.

मावशी म्हणजे आमच्या गटातली सगळ्यात मोठी बाई. पहाटे भाईंदरच्या बाजारात मासळी घेऊन बसणारी. शाळा चौथीपर्यंत. मी अल्बम परत घेतला आणि बघितलं. खरंच की! पांढराशुभ्र मनोरा, निळं आकाश, खाली लाटा, एखादं माडाचं झाड. तीसएक फोटोंमध्ये एकाही दीपगृहाचा दिवा लागलेला नव्हता.

"दिवसा त्याच्याकडं बघतं कोण?" मावशी म्हणाल्या. "आमची माणसं त्याला रात्रीच बघतात."

गोराई खाडीची फेरीबोट पकडून बोरिवलीला परत येताना तेच डोक्यात घोळत होतं. मैत्रिणींनो, कारण अगदी साधं होतं. दिवा लागतो तेव्हा मी तिथे नसतेच. मी घरी असते, किंवा घरी पोचायच्या घाईत असते. लहानपणी आजी बजावायची, 'दिवेलागणीच्या आत घरात.' आज पंचेचाळिशी ओलांडली तरी ते अंगात इतकं मुरलंय, की कोणी न सांगताही माझा हात साडेपाचला कॅमेरा बंद करतो!

फोटोचं वेड मला तसं उशिराच लागलं. लेक शिकायला बाहेरगावी गेली आणि तिचा कॅमेरा कपाटात पडून राहिला. त्याच्याशी खेळता खेळता हात बसला. फोर्टात बोरा बझारला जाऊन जुना ट्रायपॉडही घेतला, चक्क घासाघीस करून. (दुकानदार सारखा विचारत होता, "मुलासाठी का?") दीपगृह मात्र आयुष्यात आलं ते रत्नागिरीला. बचत गटांच्या प्रशिक्षणाला गेले होते, परतीच्या गाडीला तीन तास होते. रत्नदुर्गाच्या एका सोंडेवर दीपगृह आहे आणि संध्याकाळी थोडा वेळ लोकांना वर सोडतात, असं कळलं. गेले. गोल गोल जिना चढून वर आले, तर तीन बाजूंनी समुद्र आणि मधोमध ती काच.

ती काच एकदा तरी बघाच. साधी सपाट काच नसते ती. कांद्याच्या पाकळ्या रचाव्यात तशा काचेच्या कडा एकाभोवती एक बसवलेल्या असतात. ऑगस्टिन फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२०च्या दशकात ही युक्ती काढली. दिव्याचा उजेड चहूकडे सांडतो. या कडा तो वळवून एका दिशेला, क्षितिजाकडे पाठवतात. त्यामुळे आत दिवा बेताचा असला तरी तो कित्येक मैलांवरून दिसतो. शिवाय प्रत्येक दीपगृहाची चमक निराळी. किती सेकंदांनी, किती वेळा चमकायचं हे ठरलेलं असतं आणि तसं ते नकाशात व पुस्तकात छापलेलं असतं. अंधारात खलाशी चमक मोजतो आणि आपण कुठल्या गावासमोर आहोत ते ओळखतो. दिवसा ओळख पटावी म्हणून मनोऱ्याचा आकार आणि रंगाचे पट्टे वेगवेगळे. आपण ज्यांना 'कित्ती क्यूट' म्हणून फोटोत घेतो, ते पट्टे म्हणजे त्या मनोऱ्याच्या नावाची पाटीच!

त्या दिवसापासून सुट्टी मिळाली की एक दीपगृह, असं सुरू झालं. खांदेरीला थळहून होडीनं गेलो. शिवाजी महाराजांनी १६७९ साली तिथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांचं धाबं दणाणलं होतं. त्यांनी गलबतं पाठवली, पण काम काही थांबलं नाही. पुढे इंग्रजांनीच १८६७ मध्ये या बेटावर दीपगृह उभं केलं. आज बेटाला आणि दीपगृहाला कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे. इंग्रजांना समुद्रावर जेरीस आणणाऱ्या सरखेलाच्या नावाचा दिवा आता सगळ्यांच्याच जहाजांना वाट दाखवतो, याची मला फार गंमत वाटते. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात खांदेरीही आहे.

आपल्या मुंबईचं प्राँग्ज दीपगृह मात्र मी आजवर लांबूनच पाहिलंय. कुलाब्याच्या टोकापुढच्या खडकावर १८७५ साली बांधलेलं. भरतीला चारही बाजूंनी पाणी, आणि वाट नौदलाच्या हद्दीतून. मांडव्याच्या लाँचमधून ते दिसतं, बोटभर. लाँच हलते, हात हलतो, फोटो हलतो!

आता थोडं तंत्राचं. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून उभा. त्यामुळे सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि मनोरा उजळून निघतो. दुपारनंतर तोच सूर्य मनोऱ्यामागे जातो आणि फोटोत नुसती काळी सावली उरते. म्हणून माझे सगळे बरे फोटो सकाळचे. अमेरिकेचा पॅसिफिक किनाराही असाच पश्चिमाभिमुख. कॅलिफोर्नियातलं १८७२ सालचं पिजन पॉइंट दीपगृह म्हणजे तिकडच्या फोटोग्राफर लोकांचं पंढरपूरच. खडकाळ कडा, खाली आपटणाऱ्या लाटा आणि धुकं. तिकडचे फोटो बघताना लक्षात आलं, की त्यांतले उत्तम फोटो दिवसाचेही नाहीत आणि मध्यरात्रीचेही नाहीत. सूर्य बुडाल्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी आकाश गडद निळं होतं. मनोरा अजून दिसत असतो आणि दिवा लागलेला असतो. दोन्ही एकत्र मिळतात ती एवढीच वेळ. आधी गेलात तर दिवा फिका, उशीर केलात तर मनोरा अंधारात गडप.

म्हणजे आपली कुकर लावायची वेळ!

त्याच वाचनात त्या किनाऱ्यावरच्या बायकाही भेटल्या. एमिली फिश या विधवा बाईंनी १८९३ पासून १९१४ पर्यंत पॉइंट पिनोसचं दीपगृह सांभाळलं. त्यांची सावत्र मुलगी ज्युलिएट निकोल्स सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल बेटावर होती. २ जुलै १९०६ला दाट धुकं उतरलं आणि धुक्यात वाजणाऱ्या घंटेचं यंत्र नेमकं बंद पडलं. ज्युलिएटनं हातोडा घेतला आणि वीस तास पस्तीस मिनिटं स्वतः घंटा वाजवली. हे वाचून मी आमच्या यांना म्हटलं, "बघा, वीस तास! आणि मी संध्याकाळी दोन तास बाहेर राहिले तर..." हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मी कुठे नको म्हटलंय?" खरं आहे, म्हटलं नव्हतं. पण "जा" असंही कोणी म्हटलं नव्हतं. सासूबाई मात्र स्पष्ट बोलल्या, "तिन्हीसांजेला घरातलं बाईमाणूस समुद्रावर कशाला?"

तरी मनाचा हिय्या केला. आम्ही तिघी मैत्रिणी कोकणात एका गावी निघालो. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. लॉजवर फोन केला. पहिला प्रश्न, "सोबत जेंट्स कोण?" कोणी नाही म्हटल्यावर रूम शिल्लक नव्हती. दुसरीकडेही तेच. तिसरीकडे मिळाली, पण अट अशी की सातच्या आत परत यायचं, गेट बंद होतं. तिघी मिळून आमचं वय दीडशेच्या घरात! सूर्यास्त सव्वासहाला, दिवा साडेसहाला, गाव चार किलोमीटर लांब. गेलो आणि ट्रायपॉड न उघडताच परतलो. रिक्षातून मागे वळून पाहिलं तर दिवा लागला होता. इतका राग आला म्हणून सांगू! लॉजवाल्याचा आला, त्याहून जास्त स्वतःचा, कारण निमूटपणे रिक्षात मीच बसले होते.

कोर्लईला थोडा वेगळा अनुभव आला. रेवदंड्याचा पूल ओलांडून खाडीच्या कडेनं गेलं की पोर्तुगीजांच्या किल्ल्याच्या पायथ्याशी हे दीपगृह लागतं. तिथल्या वाटेवर एका बाईंशी गप्पा झाल्या. त्यांचे यजमान दीपगृहांच्या खात्यात, नोकरी किनाऱ्या-किनाऱ्यावरची. दर बदलीला नवी शाळा, नवा दूधवाला, आणि बाजार कायम लांब. मी माझं रडगाणं सांगितलं तर त्या हसल्या. "लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं मला झोपच लागायची नाही. भिंतीवर सारखा उजेड. आता माहेरी गेले की अंधारात झोप येत नाही."

शेवटी मावशीच म्हणाल्या, "एवढ्या लांब कशाला जातेस? आमचा डोंगरावरचा दिवा काय वाईट आहे? राहा रात्री माझ्याकडे."

उत्तनच्या टेकडीवरचं दीपगृह! इतकी वर्षं मी त्या गावात मीटिंगा घेतेय, पण त्याचा एकही फोटो काढला नव्हता. जवळचं म्हणून राहूनच गेलं. डिसेंबरातला शनिवार ठरवला. दुपारी यांचं आणि सासूबाईंचं रात्रीचं जेवण करून, झाकून ठेवून निघाले. (ते न करता निघायचं धैर्य अजून यायचंय.) भाईंदरहून बस धरली. सहाच्या सुमारास सूर्य मावळला, तेव्हा मी, मावशी, त्यांची सून आणि शेजारच्या दोघी किनाऱ्यावर होतो. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आणि दोरांची वेटोळी. वाळूत ट्रायपॉडचे पाय रुतत होते. सुनेनं तीन करवंट्या आणून त्यांच्याखाली ठेवल्या. हा उपाय मला कुठल्याही पुस्तकात सापडला नव्हता.

पहिला फोटो नुसता काळा. दुसरा हललेला, कारण बटण बोटानं दाबलं. मग कॅमेऱ्याचं दोन सेकंदांचं टायमर लावलं, म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. शटर वीस सेकंद उघडं ठेवलं. त्या वीस सेकंदांत आम्ही पाचही जणी श्वास रोखून उभ्या! मावशी हळूच म्हणाल्या, "एवढा वेळ लागतो होय? मग आम्ही रात्र-रात्र काढलेत की फोटो."

आणि मग त्या बोलत राहिल्या. २००९च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं, तेव्हा त्यांच्या घरची बोट समुद्रात होती. वारा सुटला, गावातली वीज गेली, मोबाईल लागेनात. बायका किनाऱ्यावर येऊन बसल्या. "वरचा दिवा तेवढा चालू होता. मी त्याच्याकडंच बघत बसले. म्हटलं, मला दिसतोय तर तिकडं त्यांनाही दिसत असेल. दोघं एकच गोष्ट बघतोय." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोट आली. आजूबाजूच्या किनाऱ्यांवर सगळ्यांच्याच आल्या नाहीत.

"आता बोटीवर जीपीएस आहे ना?" मी विचारलं.

"आहे की. वायरलेसपण आहे. बॅटरी उतरली की मग?"

आकाश निळ्याचं काळं होईपर्यंत मी अकरा फोटो काढले. एक बरा आला. टेकडी काळी, वर दिव्याचा ठिपका, खाली परतणाऱ्या दोन-तीन बोटींचे बारके दिवे, आणि एका कोपऱ्यात मावशींच्या डोक्याचा अर्धा भाग. त्या मध्येच पुढे आल्या होत्या. फोटोच्या शास्त्राप्रमाणे ती चूक. मी तो तसाच मोठा करून आणला आणि त्यांना दिला. त्यांनी तो घरात देवाच्या फोटोशेजारी लावलाय, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला डोकं कोणाचं ते आवर्जून सांगतात.

सासूबाईंनीही तो बघितला, चष्मा लावून. म्हणाल्या, "आपल्या गावच्या देवळातल्या दीपमाळेसारखं दिसतंय गं. आम्ही पोरी त्रिपुरी पौर्णिमेला तिथे रात्री उशिरापर्यंत असायचो." मी गप्प राहिले. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाल्या, "तेव्हा कोणी काही म्हणायचं नाही."

आता पुढचं ठिकाण देवगड. तिथल्या किल्ल्यातलं दीपगृह १९१५ सालचं. मावशींनी मासळीबाजारातून चार दिवसांची सुट्टी काढलीय, सूनही येतेय. परवा मुक्कामाच्या जागेसाठी फोन केला. पलीकडून तोच प्रश्न आला, "सोबत जेंट्स कोण?"

मी म्हटलं, "कोणी नाही. आम्ही पाच जणी आहोत, आणि रात्री नऊपर्यंत बाहेर असू. गेटची किल्ली आमच्याकडे द्याल का?"

बाई क्षणभर थांबल्या. हो, पलीकडे बाईच होत्या. म्हणाल्या, "किल्ली कशाला? मीच जागी असते. येताना मासे आणणार असाल तर सांगा, वाटण करून ठेवते."